बोलण्यापुरतं इंग्रजी

टिपणीसबाईंवर मी जेवढी चिडले तेवढी माझ्या सासूबाईंवरही कधी चिडले नसेन, आणि सासूबाईंनी संधी पुष्कळ दिल्या होत्या. बाईंचं सगळं बरोबर असायचं, हीच खरी अडचण होती. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं, त्याची समजूत घालता येते. बरोबर असणाऱ्या माणसापुढे आपण नुसतं हात चोळत बसायचं. मी सहा वर्षं बसले.

दांडिया बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर होतं. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती : 'बोलण्यापुरतं इंग्रजी. शिकवणार : कु. निर्मला टिपणीस.' खाली तेच गुजरातीत. पाटीवर 'स्पोकन इंग्लिश' लिहा, लोक तेच शोधत येतात, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल.

"अगं शैला, ज्याला 'स्पोकन इंग्लिश' वाचून कळतं, त्याला माझ्याकडे यायची जरूर काय?"

पाटी तशीच राहिली.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर यजमानांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे बडोद्याला आले, सुभानपुऱ्यात राहिले. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं तर आईबापांची मुलाखत होणार असं कळलं आणि मी आरशापुढे उभी राहून सराव करायला लागले. कॉलेजात शेक्सपिअरवर वीस मार्कांचं उत्तर लिहिलेली मी, पण 'तुमचा मुलगा घरी काय करतो?' एवढ्याचं उत्तर इंग्रजीत देता येईना. तेव्हा शेजारणीनं बाईंचा पत्ता दिला. शिकायला गेले, मुलाला प्रवेश मिळाला, आणि दोन वर्षांनी बाईंनी नवशिक्यांची दुपारची बॅच माझ्या गळ्यात घातली. म्हणून त्यांना जवळून पाहिलं.

बाई म्हणजे खास बडोद्याच्या. आजोबा गायकवाड सरकारच्या दप्तरात कारकून. दांडिया बाजारात ज्याला त्याला असा एक आजोबा असतोच. घरात मराठी शुद्ध, पण मधूनच 'सारू', 'बस ने', 'हमणां येते' असं गुजराती सुटायचं, आणि सुटलं हे त्यांना कळायचंही नाही. सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. बाहेरून आलेला फोन कानात घ्यायचा, कोण, कुठून, कशासाठी ते विचारायचं आणि बोर्डाच्या भोकात वायरीची खुंटी लावून साहेबाला जोडून द्यायचा. इंग्रजी त्या तिथं शिकल्या, पुस्तकातून नव्हे. पुढे आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. बोर्डावरच्या तिघींना मुदतीआधी निवृत्ती घ्यायला सांगितलं. त्यातल्या दोघी घरी बसल्या आणि बाईंनी पाटी लावली.

बोर्ड सुटला तरी मान तशीच राहिली होती. बोलताना डोकं उजवीकडे कललेलं, जणू खांदा आणि कान यांच्यामध्ये रिसीव्हर अजून धरलेला आहे. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. सुती साडी, खांद्यावर दोन पिना. एक मिनिट थांबा म्हणाल्या की घड्याळाचं एक मिनिट. आत दूध उतू जात असलं तरी मिनिट संपताना दारात येऊन 'आणखी दोन मिनिटं लागतील' असं सांगून परत जायच्या. आम्ही हसायचो. पण ज्याला फोनवर कुणी 'जस्ट अ मिनिट' म्हणून अर्धा तास लटकावलं आहे, त्याला यातलं मर्म कळेल.

वर्गात टेबलावर एक मुका फोन होता, वायर तुटलेला. बोलायला उठलेल्या माणसानं सगळ्यांकडे पाठ करून बसायचं आणि त्या फोनवर बोलायचं. बाई दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर द्यायच्या. चेहरा नाही, हातवारे नाहीत, लाजून हसून वेळ मारून नेणं नाही. आपण इंग्रजीत किती थोडं बोलतो आणि किती नुसतं हसतो, ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मी पहिल्या दिवशी एका वाक्याला चार 'यस' म्हटले होते.

"किती गं यस? एक पुरतो. बाकीचे तीन ऐकून समोरचा घाबरतो, ही ऐकत नाहीये म्हणून."

कारखान्यातून निघताना बाईंनी न वापरलेली जुनी रजिस्टरं मागून आणली होती. त्यांत पानाला एक शब्द. अर्थ नव्हे, वापर. 'प्लीज : हुकमाची धार मोडायला. तीनदा म्हटलं तर भीक.' 'अ‍ॅक्चुअली : समोरच्याची समजूत चुकीची असेल तरच. वाक्याच्या तोंडी लावू नये.' 'आय सी : ऐकतो आहे एवढंच. पटलं, असं नव्हे.' 'सॉरी : चूक आपली असेल तर एकदा. पुन्हा म्हणण्यापेक्षा चूक दुरुस्त करावी.' असे आठशेच्या वर शब्द. हे छापा, असं मी त्यांच्या मागे लागले होते. अजून 'फाइन'चं नीट कळलेलं नाही, असं म्हणून त्यांनी ते शेवटपर्यंत छापलं नाही.

नव्या बॅचचा पहिला दिवस ठरलेला. बाई ट्रेमध्ये आल्याचा चहा घेऊन यायच्या. वाफ निघते आहे, वास सुटला आहे. एकेकापुढे उभं राहून विचारायच्या, "वुड यू लाइक सम टी?" आता आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कोण हो म्हणतं? मराठी काय आणि गुजराती काय, सगळे 'नो नो, थँक्यू' म्हणून पुढच्या आग्रहाची वाट बघत बसायचे. बाई 'ऑल राइट' म्हणायच्या आणि पुढच्या माणसाकडे वळायच्या. चहा आत जायचा. मंगळबाजारात साडीचं दुकान असलेले पन्नाशीचे जशुभाई तर पुन्हा एकदा विचारा म्हणून कळवळून ओरडले होते, "मेडम, एक वार तो पाछुं पूछो!"

"इंग्लिशमां एक ज वार पूछाय, जशुभाई," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे मुकाट्यानं 'यस, प्लीज' म्हणायचे आणि चहा मिळायचा. याच जशुभाईंनी एकदा विचारलं, 'चालसे'ला, म्हणजे आपल्या 'चालेल'ला, इंग्रजीत काय म्हणायचं? अख्खं बडोदं ज्या एका शब्दावर चालतं, तो. बाई दोन दिवस विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तो नेता येत नाही, इथंच ठेवून जा.

आता एक गोष्ट बोर्डावरची सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू होतं. त्यांच्या एका मोठ्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, अमक्या पार्टीचा फोन आला की मी बाहेर गेलो आहे म्हणा. साहेब शेजारच्या खोलीत बसलेले. बाईंनी पार्टीला सांगितलं, 'ही इज नॉट टेकिंग कॉल्स.' पार्टी भडकली, साहेबाच्या घरी फोन गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावणं आलं.

"मी म्हटलं, साहेब, लोक तुम्हाला बघत नाहीत, माझा आवाज ऐकतात. आज मी खोटं बोलले तर उद्या तुम्ही खरंच बाहेर असाल तेव्हा मी काय म्हणू?"

साहेबांनी त्यांची सहा महिने रात्रपाळी लावली. बाईंनी ती केली, पण 'बाहेर गेलेत' म्हटलं नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान नसायचा. घराला कुलूप लावून बाहेर पडावं, इतक्या साधेपणानं त्या ते सांगायच्या.

तोवर शहर पालटत होतं. अलकापुरीत काचेच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या. पूर्वी इंग्रजीत अर्ज लिहिता आला की भागायचं, आता फोन उचलून बोलायला माणसं हवी होती. फतेगंजात एक गारेगार क्लास निघाला, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीवाला. तिथं शब्द शिकवत नसत, उत्तरं पाठ करून घेत. त्यांचं मुख्य शस्त्र म्हणजे 'डेफिनेटली'. हे येतं का? डेफिनेटली. ते जमेल का? डेफिनेटली सर. बाईंच्या रजिस्टरात त्या शब्दाच्या पानावर एवढंच होतं : 'घडून गेलेल्या गोष्टीबद्दल वापरावा. पुढच्या गोष्टीबद्दल कुणालाही वापरता येत नाही.'

आणि अशा दिवसांत वैशाली आली.

वैशाली सोनवणे प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची. वडील रेल्वेत फिटर, मूळचे खानदेशातले. मुलगी बी.कॉम. झालेली, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की मुक्या फोनवर बोलायला लागली की आम्ही सगळे गप्प व्हायचो. बाईंनी तिला शिकवलं नाही, तिच्यावर जीव टाकला. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घ्यायच्या आणि बोर्डावरचे जुने अवघड फोन तिच्याकडून करवून घ्यायच्या. चिडलेला ग्राहक, रडणारी बायको, पलीकडून कुणी नुसताच श्वास घेतो आहे असा माणूस. सव्वीस वर्षांत जे जे कानात साठलं होतं ते त्यांनी त्या मुलीला देऊन टाकलं.

सोनवण्यांनी एकदा जिना चढून येऊन स्पष्ट सांगितलं होतं. साधा माणूस, उभ्या उभ्याच बोलला. "बाई, भुसावळचं स्थळ आहे. मानसं चांगली आहेत. पन पोरगी म्हनते नोकरी करीन. मी म्हनलो, दिवाळीपर्यंत लागली तं दोन वर्षं लग्नाचं नाव काढनार नाही. नाही लागली तं माघमहिन्यात उरकून टाकू."

"लागेल," बाई म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आम्ही प्रयत्न करू." मी तेव्हाच कपाळाला हात लावायला हवा होता.

श्रावणात अलकापुरीतल्या एका परदेशी भागीदारीच्या कंपनीत जागा निघाली. ग्राहकांचे फोन घ्यायचे काम, वैशालीच्या मापानं बेतल्यासारखं. ती गेली, तीन फेऱ्या पार झाल्या. शेवटी दोघीच उरल्या, आमची वैशाली आणि फतेगंजच्या क्लासची एक. साहेबानं शेवटचं विचारलं, 'कॅन यू हँडल धिस डेस्क अलोन?'

वैशाली म्हणाली, "आय विल ट्राय, सर."

दुसरी म्हणाली, "डेफिनेटली, सर." दुसरीला घेतलं.

वैशालीनं वर्गात येऊन हे सांगितलं. बाईंनी मान तशीच तिरपी ठेवून ऐकलं आणि म्हणाल्या, "बराबर बोललीस."

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर मी बोलले. "काय बराबर, बाई? पोरीची नोकरी गेली!"

"तिला माहीत होतं का एकटीला झेपेल की नाही? टेबल बघितलेलं नाही, फोन किती येतात ठाऊक नाही. प्रयत्न करीन म्हणाली, खरं बोलली."

"अहो, आपल्यात 'प्रयत्न करीन' म्हणजे जीव तोडून करीन. त्या साहेबाला ते ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतं, हिला जमणार नाही. चहाला पहिल्यांदाच हो म्हणायला तुम्ही शिकवता ना? मग नोकरीला का नाही शिकवत?"

"चहा हवा की नको हे आपलं आपल्याला माहीत असतं, शैला. काम जमेल की नाही, हे कुणाला माहीत असतं?"

पुन्हा बरोबर! मी पर्स उचलली आणि घरी निघून आले. रिक्षात बसून रडले, वैशालीसाठी कमी आणि रागानं जास्त. आपल्याकडची सभ्य माणसं मोठं बोलत नाहीत. मी करून दाखवीन असं म्हणणाऱ्याला आपण फुशारक्या मारणारा म्हणतो. घरोघरी मुलींना हेच वळण लावलेलं. त्यातून त्या बाहेर पडायच्या तर कुणीतरी हात धरून बाहेर काढायला हवं होतं, आणि ज्यांना ते येत होतं त्या बाई दारात आडव्या उभ्या होत्या.

चार दिवसांनी बाईंचाच निरोप आला, चल, अलकापुरीला जाऊन येऊ. जन्मात कुणाकडे रदबदली न केलेली बाई त्या काचेच्या कचेरीत जाऊन बसली. साहेब तिशीतला, नम्र होता. बाई त्याच्याशी जे इंग्रजी बोलल्या ते मी तोवर ऐकलं नव्हतं. घाई नाही, एक शब्द जास्त नाही. त्यांनी सांगितलं, ही मुलगी प्रयत्न करीन म्हणते तेव्हा काम झाल्याशिवाय ती घरी जात नाही. आमच्या लोकांत असंच बोलतात. तुमच्याकडे दुसरी जागा निघाली तर तिला तिच्या शब्दांवरून नव्हे, आठवडाभराच्या कामावरून पारखा.

साहेबानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आय अ‍ॅप्रिशिएट दॅट, मॅडम. वुई विल गेट बॅक टु यू."

बाई जिना उतरताना पोरीसारख्या उतरल्या. "करतील फोन," म्हणाल्या.

मी तिथंच सांगायला हवं होतं. दाराबाहेर काढण्याची ती एक रीत आहे, एवढं अलकापुरीतल्या शिपायालाही कळत होतं. आठशे शब्दांचे वापर लिहून ठेवणाऱ्या बाईंना मात्र वाटलं, माणूस फोन करीन म्हणाला म्हणजे फोन करणार. त्यांनी प्रतापनगरला निरोप पाठवला, भुसावळवाल्यांना इतक्यात शब्द देऊ नका. आतल्या खोलीतला चालू फोन लांब वायर लावून वर्गात आणून ठेवला. शिकवताना त्यांचं अर्धं लक्ष तिकडे असायचं. घंटा वाजली की दुसरी वाजायच्या आत उचलायच्या. कधी दूधवाला, कधी चुकीचा नंबर. असे पाच आठवडे गेले. वैशाली रोज यायची आणि काही न विचारता बसायची. तिच्या वडिलांचे दोन निरोप येऊन गेले.

शेवटी मीच सांगितलं. "बाई, तो फोन करणार नाही. ते तसं म्हणायचं असतं."

"म्हणायचं असतं म्हणजे?"

"म्हणजे नाही म्हणायचं नसतं म्हणून."

बाईंनी फोन पुढे ओढला आणि कंपनीचा नंबर फिरवला. तिकडून कुणीतरी म्हणालं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. 'आय विल होल्ड,' बाई म्हणाल्या. आणि खरंच थांबल्या. पाऊण तास. मान कलती, डोळे मिटलेले. मध्ये दोनदा कुणीतरी नंतर करा म्हणालं, दोनदा बाईंनी तेच उत्तर दिलं. शेवटी साहेब आला. तो जुन्याच वाटेनं जायला लागला असावा, कारण बाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"सर, प्लीज से यस ऑर नो. अ फादर इज वेटिंग."

पलीकडून उत्तर आलं. मग बाई म्हणाल्या, "थँक्यू, सर." आणि रिसीव्हर ठेवला.

"नाही म्हणाले," त्यांनी वैशालीला सांगितलं. वैशालीनं मान हलवली. मला वाटलं ती रडेल, पण ती म्हणाली, "बरं झालं बाई, कळलं एकदाचं." त्याच संध्याकाळी बाई प्रतापनगरला गेल्या आणि सोनवण्यांच्या दारात उभ्या राहून, तुमचे पाच आठवडे मी घालवले, चूक माझी आहे, असं म्हणून आल्या. सोनवण्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी बाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही म्हणे.

दिवाळी आली आणि गेली. भुसावळचं पक्कं झालं. आमच्या वर्गातली निम्मी मंडळी खुर्च्या सोडून फतेगंजला गेली. त्यांना तरी काय दोष द्यायचा? मी माझ्या दुपारच्या बॅचला गुपचूप शिकवायला लागले होते, शेवटच्या प्रश्नाला सरळ 'यस, डेफिनेटली' म्हणा, बाकी बाई सांगतात तसं. तिघींना नोकऱ्या लागल्या. त्या पेढे घेऊन बाईंच्याच पाया पडायला आल्या. बाईंना कळलं असणारच. त्यांनी नुसता पेढा घेतला. मला वाटत होतं त्यांनी भांडावं, म्हणजे मलाही मोठ्यानं म्हणता आलं असतं, बघा!

त्याच सुमारास यजमानांची सुरतेकडे बदली झाली. सामान बांधून ठेवलं होतं आणि वैशालीच्या लग्नासाठी मी चार दिवस मागे राहिले होते. लग्न प्रतापनगरात, मांडव क्वार्टर्सच्या मैदानावर. दुपारची जेवणं उरकली आणि मुलगी निघायची वेळ झाली. बाई एका बाजूला उभ्या होत्या, कडक इस्त्रीच्या साडीत. वैशाली त्यांच्या पाया पडली आणि तिथंच घट्ट बिलगून राहिली. बाईंचा हात तिच्या पाठीवर फिरत होता.

मुलाची आई जवळ आली. ठेंगणी, हसतमुख, कपाळावर मोठं कुंकू. "तुम्हीच का तिच्या इंग्लिशच्या बाई? लई नाव काढते तुमचं."

"तिला नोकरी करू द्याल ना?" बाईंनी एकदम विचारलं.

आसपासच्या बायका वळून बघायला लागल्या. पाठवणीच्या वेळी असं कुणी विचारतं का? पण मुलाची आई रागावली नाही. मोठ्या मनाची असावी. म्हणाली, "पाहू ना बाई. आमच्याकडून होईल तेवढं करू."

कुणाही मराठी माणसानं समाधानानं हात जोडावेत असं उत्तर होतं ते. वैशालीच्या आईनं जोडलेही. बाईंनी मात्र त्या विहिणीचा हात धरला.

"होईल तेवढं नाही. हो म्हणा."

"अहो, म्हनलं ना मी—"

"नाही. हो म्हणा."

फोटोवाला थांबला. सोनवणे पुढे यायला लागले. विहिणीनं एकदा आपल्या हाताकडे पाहिलं, एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे, आणि घाबरून म्हणाली, "हो. करू देऊ. हो."

बाईंनी हात सोडला.

परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. न्यायमंदिराचा चौक आला. बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "खोटं नव्हत्या गं बोलत त्या. होईल तेवढं करू म्हणजे करतीलही. माणसं चांगली वाटली."

"मग कशाला त्यांना पेचात धरलंत?"

"मला हो ऐकायचं होतं."

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता मला. इतक्या वर्षांच्या भांडणात पहिल्यांदा बाई माझ्या बाजूला आल्या होत्या. पण मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. हे तुम्हाला श्रावणात का नाही कळलं, बाई? त्या साहेबालाही हेच ऐकायचं होतं. त्याच्याही हातात काहीतरी होतं आणि ते कुणावर तरी सोपवायचं होतं. हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

दांडिया बाजारात रिक्षा थांबली. बाई उतरल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. मान प्रथमच सरळ होती. त्या दिवशी त्या मला म्हाताऱ्या दिसल्या.

"शैला, वैशालीच्या बाबतीत मी चुकले का गं?"

"छे हो, बाई," मी म्हणाले. "मुळीच नाही."

पलीकडचा माणूस खोटं बोलतो आहे, हे ज्यांना बोर्डावर सव्वीस वर्षं नुसत्या श्वासावरून कळायचं, त्या बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग हळूच मान हलवली आणि कठडा धरून, एकेक पायरी करत जिना चढायला लागल्या.